पोह्याच्या ठेल्यासमोरचा बोर्ड

त्या ठेल्यावरचे पोहे मला कधीच आवडले नाहीत. कोरडे ठक्क, वरची सेव मऊ पडलेली, आणि वर भुरभुरायचा जिरावण मसाला म्हणजे नुसती तपकिरी धूळ. इंदूरमध्ये राहून असे पोहे खाणं म्हणजे पाप आहे. तरी मी दीड वर्ष रोज सकाळी साडेआठला तिथेच उभा असायचो, कारण ठेल्याच्या बरोबर समोर त्याचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर त्याचा बोर्ड.

तो म्हणजे माझ्यासारखाच इंटरनेटवाला. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये माझं जुनं काम. आधी केबल टीव्ही होता, मग फायबर आलं, पण गच्च्या त्याच, खांब तेच, ग्राहकही तेच. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते असं आमच्याकडे प्रत्येक लग्नात कोणीतरी सांगतंच. मी तलवारबिलवार काही बघितली नाही, मी वायरी ओढल्या. वीस वर्षं मोहल्ल्यात नेट म्हणजे मी. रस्त्याने निघालो की चार जण 'भिया, जरा बघून घ्या ना' म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग हा आला. सांगलीकडचा. इथे कुठल्याशा कंपनीत नोकरीला आलेला, ती सोडली आणि आमच्याच मोहल्ल्यात दुकान टाकलं. मराठी अशी बोलायचा की जणू पुस्तक उघडून वाचतोय. 'या ना दादा, बसा.' आमची मराठी अर्धी हिंदी, वरून माळवीची फोडणी. आम्ही 'आओ भिया' म्हणतो, की झालं स्वागत. माझी बायको एकदा दळण घेऊन येताना त्याच्याशी दोन मिनिटं बोलली आणि घरी येऊन म्हणाली, "किती छान बोलतात ते." बस. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

पण खरी आग लावली ती त्या बोर्डाने.

साधा पांढरा बोर्ड, शाळेत असतो तसा. रोज सकाळी हा बाबा दुकान उघडायचा, फडक्याने कालचं पुसायचा आणि आदल्या दिवशीचा सगळा हिशोब लिहायचा. कुठल्या गल्लीत किती वेळ नेट बंद होतं. का बंद होतं. कधी चालू झालं. 'रात्री आठ ते साडेनऊ स्पीड कमी पडला. लोडचा अंदाज चुकला. चूक आमची.' असं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दुकानासमोर. वर लाल अक्षरात एक नियम कायमचा लिहिलेला: 'गर्दीच्या वेळी सगळ्यांचा स्पीड सारखाच कमी होईल. कोणालाही पुढे काढत नाही. कधी काढावं लागलं तर इथे लिहू.' आणि सगळ्यात खाली रोज एक ओळ: 'मागून येणारी मुख्य लाईन दिवसभर चालू होती.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, हा तर स्वतःच दुकान बुडवतोय. आपलं कोणी असं चारचौघांत सांगतं का? मी माझ्या ग्राहकांना मुद्दाम सांगायचो, बघा जाऊन, त्याच्याकडे रोज काही ना काही बिघडलेलंच असतं, स्वतः कबूल करतो. एका म्हाताऱ्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, बिघडतं तुमच्याकडेही, त्याच्याकडे निदान कळतं तरी. पुढच्या आठवड्यात काकांनी माझा राउटर पिशवीत घालून परत आणून दिला. वर विचारलं, घरी सगळे बरे ना?

माझी पद्धत वेगळी होती. ती काय होती तेही सांगून टाकतो, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. संध्याकाळी सातला लोड वाढायचा. सगळी घरं एकदम मोबाईल-टीव्ही घेऊन बसायची. तेव्हा मी दुकानात बसून काही लाईनींचा स्पीड गुपचूप खाली करायचो, म्हणजे जे आरडाओरडा करतात त्यांचा टिकून राहायचा. सराफ्याचे व्यापारी, वॉर्डातले पुढारी, हे वर. जे गरीब गायीसारखे गप्प बसतात, ते खाली. आणि कोणी फोन केलाच तर उत्तर तयार: 'पीछे से प्रॉब्लम है.' म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही नेट घेतो आणि घराघरांत वाटतो, तिचीच लाईन बंद आहे, माझ्या हातात काही नाही. या धंद्यातलं हे रामबाण औषध. त्यावर कोणी पुढे विचारतच नाही.

तर अशा माणसाला तो बोर्ड कसा सहन व्हावा? मला पक्की खात्री होती की तो खोटं लिहितो. एवढं खरं कोणी बोलतच नाही हो. त्याचं एक खोटं पकडायचं आणि मोहल्लाभर करायचं, एवढ्यासाठी मी ठेला बदलला. त्याच्या ग्राहकांपैकी माझा एक जुना दोस्त होता, त्याला मी रोज फोन करायचो. काल आठला स्पीड खरंच कमी होता का? होता. साडेनऊला ठीक झाला का? झाला. दीड वर्षात एकही ओळ चुकीची निघाली नाही. दोस्त शेवटी वैतागला. म्हणाला, 'भिया, तू अपना काम देख ना.' ठेल्यावर लोक पोहे खाता खाता बोर्ड वाचायचे, हसायचे, 'आज फिर गलती मान ली इसने' म्हणायचे, आणि त्या हसण्यात कसलं तरी प्रेम असायचं. वीस वर्षांत माझ्याकडे बघून असं कोणी हसलं नव्हतं. मी प्लेट अर्धी टाकून निघून यायचो.

आता बायकोचं सांगतो. ती सकाळी शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी सात ते आठ घरून ऑनलाईन क्लास घेते. सगळी मुलं बाहेरगावची, सांवेरची, सिमरोलची. त्यांना क्लाससाठी शहरात येणं परवडत नाही, म्हणून हा क्लास म्हणजे तिचा जीव. लाईन अर्थात माझीच, फुकट. साडेसातला मी दुकानातून चहापुरता घरी यायचो, तेव्हा मागच्या खोलीतून मला तिचा आवाज ऐकू यायचा: 'आवाज येतोय का? येतोय का आवाज? मी दिसतेय का?' तासातली वीस मिनिटं त्यातच जायची. ती मला विचारायची, काय होतंय हो सातलाच? मी रात्री दुकानातून आल्या आल्या चपला काढत सांगायचो, पीछे से आहे. तीही मग मुलांना तेच सांगायची.

मग कधीतरी तिचं ते विचारणं थांबलं. चहाला आलो की नुसता गणिताचा आवाज, अपूर्णांक, छेद, समच्छेद, अगदी सरळ. मी खूश. एकदा जेवताना म्हटलंही, बघ, झाली की नाही लाईन मस्त? ती वाढता वाढता म्हणाली, हो, आता छान चालते. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर चारेक महिन्यांनी एका सकाळी बोर्डवर हे लिहिलेलं होतं: 'मागच्या गल्लीतली वायर बदलायचं काम काल संध्याकाळी सातला ठरलं होतं. ते आज दुपारवर ढकललं. त्या गल्लीत सात ते आठ एका बाईंचा गणिताचा क्लास असतो, त्यांनी विनंती केली. एका ग्राहकासाठी वेळ बदलली, म्हणून इथे लिहिलं.'

मागची गल्ली म्हणजे माझी गल्ली. माझ्या गल्लीत गणिताच्या बाई किती? मी तरी डोकं चालवून बघितलं, कोणी नवीन भाडेकरू आली असेल, अमकीच्या सुनेने क्लास सुरू केला असेल. कोणीच नव्हती. हातातली प्लेट मी ठेल्यावर कशी ठेवली ते आठवत नाही. तो दारातच फडकं धूत होता. मी रस्ता ओलांडून गेलो आणि सरळ विचारलं, माझ्या घरात लाईन टाकताना मला विचारायचं नाही का?

त्याने फडकं पिळलं, वाळत टाकलं. म्हणाला, "वहिनींना विचारलं होतं, दादा. फॉर्म त्यांनीच भरला."

वहिनी! माझ्या बायकोला वहिनी म्हणतो. मला असं झालं की त्याचा बोर्ड उचलावा आणि रस्त्यात आपटावा. पण त्यावर माझ्याच घराची खरी गोष्ट लिहिलेली, ती फोडून काय होणार होतं?

घरी आलो. ती शाळेत गेलेली. मागच्या खोलीत शिरलो तर समोर कपाटावर, तिच्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी, त्याचा राउटर. हिरवे दिवे लागलेले. वर त्याच्या दुकानाचं स्टिकर. वायर गच्चीवरून खिडकीतून आत आलेली, आणि खिडकीशी ज्या क्लिपमध्ये अडकवलेली ती क्लिप मी स्वतः ठोकलेली. चार महिने हे उघड्यावर होतं आणि मी, वीस वर्षांचा नेटवाला, एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. मी खिशातून पक्कड काढली, वायरीला लावली. मग परत खिशात घातली. कापून टाकली तर संध्याकाळी सातला ती मुलांना काय सांगेल, हे मला त्या क्षणी फार स्पष्ट ऐकू आलं.

दुपारी ती आली. मी त्याच खोलीत बसून होतो. तिने माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, पर्स खुंटीला अडकवली. लपवून का केलंस, म्हणून मी सुरू झालो, आणि बराच बोललो, वाईटही बोललो. त्याची मराठी फार गोड लागते ना, हेसुद्धा बोललो. ती ऐकून घेत पलंगाच्या कडेला बसली. लपवलं असतं तर कपाटावर ठेवलं असतं का, एवढंच ती त्यावर म्हणाली.

मग तिने विचारलं, "तो बोर्ड तुम्ही रोज वाचता ना? सगळ्यात खालची ओळ वाचली आहे कधी?"

खालची ओळ. मागून येणारी मुख्य लाईन दिवसभर चालू होती. रोज तीच, तशीच. ती कंटाळवाणी ओळ मी सोडूनच द्यायचो, माझी नजर वर, त्याच्या चुकांवर. आणि आम्ही दोघं नेट घेतो एकाच मोठ्या कंपनीकडून, हे मीच तिला कौतुकाने सांगितलेलं. त्याची मागची लाईन चालू, तर माझी बंद कशी? मी दीड वर्ष त्याचं खोटं शोधत होतो, आणि माझं खोटं तिथे रोज सकाळी ताजं लिहिलं जात होतं. सगळा मोहल्ला पोहे खात ते वाचत होता. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात, माझं तर झाकलेलंही नव्हतं.

"सांवेरची एक मुलगी क्लास सोडून गेली," ती म्हणाली. "तिच्या वडिलांना वाटलं, मी शिकवायचं टाळते आणि नेटवर ढकलते. मी त्यांना शपथेवर सांगितलं की माझ्या मिस्टरांचंच नेट आहे, मागून प्रॉब्लेम आहे. मी खोटं बोलतेय हे मलाच माहीत नव्हतं." मग तिने सरळ विचारलं, "सातला पहिली लाईन कुणाची कमी करता?"

माझ्या तोंडात 'पीछे से' आलंच होतं. सवय ती सवय. ती बघत होती.

"तुझी," मी म्हणालो. "फुकटच्या सगळ्यात आधी. घरचं माणूस कुठे जाणार, असं वाटायचं."

हिंदीत घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते असं. ती रडली नाही, भांडली नाही. मान हलवली, जसं एखाद्या मुलाने उशिरा का होईना बरोबर उत्तर दिल्यावर हलवते. मी विचारलं, आता लाईन परत माझी लावू? म्हणाली, बघू. तुम्हीही लिहा रोज, सहा महिने. मग बघू.

दुसऱ्याच दिवशी मी बोर्ड आणला. त्याच्यापेक्षा हातभर मोठा, त्याशिवाय मला झोप आली नसती. पहिल्या दिवशी लिहिलं, 'सातला लोड वाढला की आम्ही काही लाईनी गुपचूप कमी करायचो. मागून काही बंद नसायचं. पहिली लाईन माझ्या घरची असायची. आजपासून सगळ्यांची सारखी.' खाली त्याच्यासारखीच मुख्य लाईन चालू असल्याची ओळ. लिहिताना कान तापले होते. सराफ्याचा एक व्यापारी येऊन ओरडून गेला आणि त्याने लाईन सोडली. बायको शाळेत जाताना थांबली, पूर्ण वाचलं, खालची ओळसुद्धा, आणि गेली. सांगलीवालाही येऊन वाचून गेला. 'छान लिहिलंय दादा' म्हणाला. तेवढं बोलला नसता तर चाललं असतं.

दोन महिने झाले. पोहे मी आता माझ्या जुन्या ठेल्यावर खातो. पण संध्याकाळी सातला दुकान थोडा वेळ बंद करून घरी येतो आणि जिन्यात बसतो. मागच्या खोलीत क्लास चालू असतो, अजून सांगलीवाल्याच्याच लाईनवर. मी कान देऊन पूर्ण तास ऐकतो. 'आवाज येतोय का' असं ती एकदाही विचारत नाही.