मुठीतला हातचा

सरिताबाई पगारे यांनी हरसूलच्या शाळेत तीस वर्षं बेरीज शिकवली, ती मूठ आवळून. हातचा आला की पोरांनी तो डाव्या मुठीत धरायचा. मूठ सुटली की हातचा पळाला! कुणी चुकलं की बाई फळ्याजवळूनच ओरडायच्या, "थांब! मुठीत काय आहे?" मोठी झालेली पोरं बाजारात भेटली, तरी आधी मूठ दाखवायची आणि मग हसायची.

निवृत्तीनंतर बाई शहरात, द्वारका चौकाजवळच्या कॉलनीत राहायला आल्या, आणि तिथं त्यांना नवा विद्यार्थी मिळाला, तो चक्क कॉम्प्युटर. त्यांचा जुना विद्यार्थी प्रफुल्ल एका कंपनीत यंत्राला माणसासारखा गणिताचा विचार करायला शिकवत होता. "बाई, नुसतं उत्तर नको," तो म्हणाला. "डोक्यात येईल ते सगळं लिहा. चुकलात तर चूकही राहू द्या, आणि ती कशी सापडली तेही लिहा." जन्मभर चुका खोडणाऱ्या बाईला चुका जपायला सांगायचं म्हणजे कमालच! पण बाई इमानानं लिहीत गेल्या. हातचा सुटला की लिहायच्या, थांब, मुठीत काय आहे?

वर्षभरात यंत्र त्यांच्यासारखंच बोलू लागलं. बाईंना आधी कौतुक वाटलं. मग एका दुपारी त्या कॉम्प्युटरवर बेरीज लिहीत असताना अर्ध्या ओळीवरच पडद्यावर उमटलं, 'थांब.' पाहतात तर हातचा खरंच सुटलेला. पुढच्या गणितातही तेच. तिसरं तर त्यांनी अजून सुरूही केलं नव्हतं, तरी 'थांब' आलंच.

त्यांनी प्रफुल्लला फोन लावला. "मी चुकायच्या आधीच ते मला कसं अडवतं रे?"

तो घुटमळला. "बाई, ते तुमच्याच पानांवरून शिकलंय. तुम्ही कुठे चुकणार, याचा त्याला अंदाज येतो. पहिल्या महिन्यात तुमचा हातचा दोनदा सुटला होता. आता... पानोपानी सुटतो."

बाईंनी फोन ठेवला. त्यांची आई नवसाबाई अशीच आधी भाकरी मोजताना चुकायची. शेवटी तिनं पोटच्या लेकीलाच विचारलं होतं, "तू कुणाची गं?" आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना गणिताची भीती वाटली.

त्यांनी कागद ओढला आणि स्वतःचीच परीक्षा घेतली. दुसरीतलं गणित, सत्तेचाळीस अधिक अडतीस. सात न् आठ पंधरा, पाच खाली. चार न् तीन सात. पंच्याहत्तर. पुन्हा करून पाहिलं, पंच्याहत्तरच. बाईंचा जीव भांड्यात पडला. उजव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी ऐटीत सगळं टाईप केलं आणि खाली लिहिलं, 'बघ, आलं की नाही बरोबर?'

पडद्यावर उमटलं, 'थांब. मुठीत काय आहे?'

बाईंनी खाली पाहिलं. डावी मूठ घट्ट आवळलेली होती. ती कशासाठी आवळली, ते त्यांना काही केल्या आठवेना.