शेरा: प्रयत्न कमी

"थांब, आधी श्वास घेते, मग रागावते," असं म्हणून काकू हाताचा पंजा पोटावर ठेवायच्या आणि समोरचा मुकाट्याने थांबायचा. नागपूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. अमेरिकेत अल्फारेटाला मुलाकडे राहायला आल्या तरी वर्ग सुटला नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला कुणी उशिरा आलं, की आधी श्वास, मग रागावणं. क्रम ठरलेला.

पुढे पुढे त्या श्वासालाच जास्त वेळ लागू लागला. काकूंना ल्युपस होता, म्हणजे आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर, स्नायूंवर उठतं तो आजार. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. नळीत फुंकायच्या तपासणीत मात्र आकडे कमी आले आणि रिपोर्टवर शेरा पडला, 'पूअर एफर्ट'.

काकूंना आजारापेक्षा तो शेरा लागला. "मी काय नाटक करून राहिली का?" त्या मुलाला विचारायच्या. मुलगा सॉफ्टवेअरवाला, छापून आलं ते खरं मानणारा. "आई, नेक्स्ट टाइम थोडा एफर्ट घे ना," तो म्हणायचा. मुलाने आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

मी हॉस्पिटलात सोनोग्राफी करते. २००५ च्या थंडीत काकूंना लिव्हर बघायला माझ्याकडे पाठवलं. श्वास भरला की लिव्हर खाली सरकतं आणि नीट दिसतं, म्हणून बरगडीखाली प्रोब ठेवून मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा." लिव्हर हललंच नाही. "अजून मोठा, काकू. जरा प्रयत्न करा ना."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तूपण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिव्हर सोडून मी त्याच्या वरची पांढरी रेघ बघितली. ती म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, डायफ्रॅम. श्वासाचा मुख्य स्नायू तोच. काकूंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, खांदे वर येत होते, आणि रेघ जेमतेम थरथरत होती. बाई जीव तोडून श्वास घेत होती, पडदाच साथ देत नव्हता. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती पोरांच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलंय गं, प्रयत्न कमी. त्यातली किती पूर्ण जोर लावत असतील?"

रिपोर्ट लिहायचा अधिकार आम्हाला नाही, आम्ही फक्त चित्रं काढायची. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला मी रेघ दाखवली. "ऑर्डर लिव्हरची आहे, आणि लिव्हर नॉर्मल आहे," तो म्हणाला. काकूंच्या डॉक्टरांकडे दोनदा फोन केला. निरोप ठेवा म्हणाले, ठेवला; उलट फोन आला नाही. या सगळ्यात वाईट माणूस एकही नाही, आणि माझा संताप त्याचाच आहे. तुम्हीच सांगा, भांडायचं कुणाशी?

शेवटी चिडून मी नियम मोडला आणि त्या रेघेचं एक प्रिंट काकूंच्या हातात दिलं. "शेरा लिही खाली. मराठीत," त्या म्हणाल्या. मी बॉलपेनने लिहिलं, 'प्रयत्न पूर्ण'. त्यांनी सहीसुद्धा करून घेतली.

प्रिंट मुलाच्या फ्रिजवर लागलं. "आईचं सर्टिफिकेट," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला हसून दाखवायचा.

पुढच्या थंडीत न्यूमोनिया झाला. कफ खोकून काढण्याइतकाही जोर काकूंना लावता येईना. आयसीयूतल्या डॉक्टरांनी तेव्हा डायफ्रॅम बघितला आणि तो बऱ्याच दिवसांपासून दुबळा असणार, असं मुलाला सांगितलं. आठवड्याभरात काकू गेल्या.

त्यानंतर वर्षभराने मी त्यांच्या मुलाकडे गेले होते. चहासाठी दूध काढायला तो फ्रिजपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. असली प्रिंटं उजेडात टिकत नाहीत. चित्र पार उडालं होतं, रेघ नव्हती, खाली तेवढे दोन शब्द आणि माझी सही.

"मी तिला एफर्ट घे म्हणायचो," तो म्हणाला.

मीही एकदा म्हटलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.