ओरेस्तेचा शब्द आणि सोमवारचा मासा

व्हेनिसमध्ये चांगलं जेवण कुठे मिळतं हे ओरेस्ते बुझेत्तोला विचारावं, असं निदान ओरेस्तेचं तरी मत होतं. कान्नारेज्यो भागात एका अरुंद कालव्याकाठी अकरा खोल्यांचं हॉटेल आहे. त्याच्या काउंटरमागे हा माणूस बावीस वर्षं उभा. उंची बेताची, मिशी करडी, राग नाकाच्या शेंड्यावर. पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा, किल्ल्या द्यायचा, सकाळची कॉफी ओतायचा. पण ही सगळी पोटापाण्याची कामं. त्याचं खरं काम पाहुण्याने नकाशा पुढे केला की सुरू व्हायचं.

"दारात जेवणाचे फोटो लावलेत? पुढे चला. दारात माणूस उभा राहून 'या, या' करतोय? पुढे चला, त्याच्याकडे बघूसुद्धा नका. सहा भाषांतलं कार्ड हातात दिलं? मग उठाच. आणि सोमवारी मासा मागायचा नाही. रविवारी-सोमवारी रिआल्तोचा मासळीबाजार बंद असतो. सोमवारी जो ताजा मासा वाढतो तो जादूगार तरी असतो, नाहीतर चोर."

एवढं सांगून झालं की तो निळ्या पेनने नकाशावर एक फुली मारायचा. एकच. "नाहीतर इथे जा. एलिदेची खाणावळ. ओरेस्तेने पाठवलंय म्हणा. मग मी सांगितलेलं सगळं विसरलात तरी चालेल."

या शहरात फुली फुकट कोणी मारत नाही. प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर कुठल्या ना कुठल्या खाणावळीची कार्डं पडलेली असतात, आणि महिनाअखेरीस त्या खाणावळीकडून पैशांचं पाकीट येतं. आपल्याच गावाला ओरबाडून खायची ही रीत आता इतकी मुरली आहे, की तिला कोणी रीतही म्हणत नाही, धंदा म्हणतात. ओरेस्तेने असली पाकिटं आणणाऱ्या दोघांना पायरीवरून खाली उतरवलं होतं. एकाला तर जवळजवळ कालव्यात. त्याची फुली विकाऊ नव्हती. भाड्याचं घर, पगार जेमतेम, बायको मुलीकडे पादोव्हाला जाऊन राहिलेली. स्वतःची म्हणावी अशी त्याच्याकडे ही फुलीच तेवढी होती.

एलिदे त्याच्या शाळेतली. एकाच बाकावर बसलेली. बापामागे खाणावळ तिने चालवली आणि ओरेस्ते रोज दुपारी तिथे जेवला. पुढच्या खोलीत, काउंटरला टेकून, उभ्यानेच. कांद्या-व्हिनेगरात मुरवलेली तारली मासळी, नाहीतर स्वतःच्याच काळ्या शाईत शिजवलेलं माकूल, म्हणजे स्क्विड, आणि मक्याची पिवळी पोलेंता, सोबत वाइनचा छोटा पेला. काय केलंय ते एलिदे तोंडाने सांगायची. कार्ड नव्हतंच. पाहुण्यांना ती मागच्या खोलीत बसवायची, तिथे टेबलं आहेत, ऐसपैस आहे. मागच्या खोलीत ओरेस्ते कधी बसला नाही. का बसेल? गल्लीतला माणूस पुढे उभा राहून खातो, परगावचा मागे बसून. हे कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी मोडतही नव्हतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी हानेके नावाची डच बाई बॅग घेऊन खाली आली. चार दिवस राहिली होती, आता निघाली होती. निवृत्त शिक्षिका, बोलायला गोड.

"तुमचे आभार मानायचे राहिले," ती म्हणाली. "काल रात्री एलिदेकडे जेवले. ब्रांझिनो मासा. असा ताजा मासा मी जन्मात खाल्ला नाही."

"त्याआधी खाल्ला असेल," ओरेस्ते म्हणाला. "शनिवारी."

"छे, काल. शनिवारी तर मी मुरानोला होते."

"काल सोमवार होता, बाई."

"हो, सोमवारच," ती हसून म्हणाली आणि त्याच्या हातात हात देऊन निघून गेली.

ओरेस्तेने तिचा कप उचलला, विसळला, पुसला, पुन्हा विसळला. मग हॉटेलच्या मालकीणबाईंना म्हणाला, मी जरा जाऊन येतो.

दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती. एलिदेकडे पुढच्या खोलीत नेहमीचेच चौघे-पाचजण. त्यात बेपी, आयुष्यभर मालाची नाव हाकून आता गुडघे धरून बसलेला. "आलास का म्हाताऱ्या," तो म्हणाला. "आज माकूल आहे. बोटं चाटशील."

ओरेस्ते थांबला नाही. सरळ मागच्या खोलीत गेला आणि भिंतीकडच्या टेबलावर बसला. खोली भरलेली होती. प्रत्येक टेबलावर प्लास्टिकचं कार्ड. त्याने उलटून पाहिलं. एक, दोन, तीन... सहा भाषा. ब्रांझिनोच्या शेजारी फोटोसुद्धा होता, लिंबाची फोड लावलेला.

एलिदे ताटं घेऊन आली आणि त्याला बघून दारातच थबकली.

"इथे काय करतोस? पुढे ये."

"जेवायला बसलोय. ब्रांझिनो आण."

"ओरेस्ते, माकूल केलंय तुझ्यासाठी."

"ब्रांझिनो. कार्डावर आहे."

"तुला नाही देणार मी ते."

"का?"

तिने हातातली ताटं शेजारच्या टेबलावर ठेवली, हात एप्रनला पुसले.

"माझ्या नावावर आलेल्यांना वाढतेस," ओरेस्ते हळू आवाजात म्हणाला. त्याचा आवाज हळू झाला की समजावं, पाणी डोक्यावरून गेलंय. "मला वाढायला लाज वाटते?"

"वाटते," ती म्हणाली. आणि आत गेली.

दहा मिनिटांनी तिनेच ताट आणून आदळलं. मासा, लिंबाची फोड, दोन बटाटे. ओरेस्तेने पहिला घास घेतला. मग दुसरा. आपण इतकी वर्षं ज्याची शपथ वाहिली तो पदार्थ तो पहिल्यांदा खात होता. वाईट असता तर बरं झालं असतं. थुंकता आला असता, टेबल उलथवता आलं असतं. पण मासा बरा होता. नीट भाजलेला, मीठ बेताचं. कुठल्या तरी दूरच्या तळ्यात वाढवलेला, बर्फात गोठवून आणलेला, आणि एलिदेच्या हातात पडून बरा झालेला. ती बाई खोटं बोलत नव्हती. तिला आवडला होता. खाऱ्या पाण्यातला मासा कसा लागतो हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि ज्याने सांगायचं त्यानेच तिला इथे धाडलं होतं.

काटे तेवढे ठेवून त्याने सगळं संपवलं. ताट उचलून पुढच्या खोलीत आला आणि काउंटरवर ठेवलं.

"आज तर मंगळवार आहे," तो म्हणाला. "बाजार भरलाय. आज तरी तिथला होता?"

"बाजारातलं पुढच्यांना पुरतं," एलिदे म्हणाली. "मागे चाळीस माणसं बसतात. चाळीस ब्रांझिनो रोज रिआल्तोवरून आणायला मी काय एखाद्या बड्या हॉटेलची मालकीण आहे?"

"किती वर्षं?"

"मागची खोली उघडल्यापासून. बारा. ते मोठं फ्रीझर आत कोणी आणलं? पुलावरून? तूच ना, बेपीला हाताशी धरून? तेव्हा विचारलं नाहीस, एलिदे, एवढ्याशा खाणावळीला एवढा मोठा डबा कशाला."

"मला वाटलं..."

"काय वाटलं? आइस्क्रीम करते मी?"

बेपी हसला. बाकीचेही हसले, पण पेल्यात बघत.

ओरेस्ते त्यांच्याकडे वळला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अरे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," बेपी म्हणाला. "मागचे खातात म्हणून पुढचे खातात. ती पोरगी नाही का, औषधाच्या दुकानातली, तिलाही ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही असं म्हणतोस?"

"नव्हतं."

"जाऊ दे रे. त्यांना काय कळतंय? आज आहेत, उद्या नाहीत."

"माझं नाव घेऊन येतात ते, बेपी."

"मग? तुझं नाव काय झिजलं?"

एलिदेने काउंटरवर दोन्ही हात टेकले. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती रागावली होती की रडायला आली होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

"ऐक. तू पाकीट घेत नाहीस म्हणून छाती काढून हिंडतोस. चांगलं आहे. पण या तारल्या, हे माकूल, बारा वर्षं त्याच भावाने खातोयस. बाहेर सगळं दुप्पट झालं. माझं भाडं तिप्पट झालं. तुझ्या ताटाचा भाव का वाढला नाही, एकदा तरी विचारलंस? मागच्या खोलीने भरलंय ते ताट. तुझ्या पाहुण्यांनी. पाकीट नाही घेतलंस, पण ताट घेतलंस."

"मला सांगितलं असतंस तर नसतं घेतलं."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू आला नसतास. आणि तू आला नसतास तर मी कोणासाठी शिजवलं असतं? त्या कार्डवाल्यांसाठी?" ती थांबली. "तू आपला आहेस, ओरेस्ते."

चिडून शिव्या दिल्या असत्या तरी त्याला इतकं लागलं नसतं. आपला म्हणून खरं ताट. आपला म्हणून खोटं बोलायचं. आणि जे आपले नाहीत त्यांना आपल्याच तोंडून बोलावून आणायचं. गावात राहिलेल्या मूठभर माणसांनी एकमेकांना धरून जगायचं म्हणजे हेच असेल, तर त्याला त्यात आपण कुठे उभे आहोत ते दिसेना. त्याने कार्डावर छापलेली किंमत, परगावच्या माणसाची किंमत, काउंटरवर ठेवली. एलिदेने ती घेतली नाही. त्याने परत उचलली नाही.

"उद्या येशील ना?" तिने विचारलं.

"मागे जागा असेल तर."

"मागे तुला मी बसू देणार नाही."

"मग नाही."

बेपी मागून ओरडला, "नाटकं बस झाली, माकूल गार होतंय." पण ओरेस्ते तोवर पूल चढला होता.

संध्याकाळी हॉटेलात पोर्तुगालचं एक जोडपं उतरलं. ब्रागाहून आलेलं, पन्नाशीतलं, प्रवासाने शिणलेलं. खोली बघून दोघं खाली आले. बाईंनी काउंटरवर नकाशा पसरला आणि सगळे पाहुणे विचारतात तेच विचारलं.

"पर्यटकांची ठिकाणं नकोत. तुम्ही स्वतः जेवता तिथे पाठवा."

ओरेस्तेने पेन हातात घेतलं. हात सवयीने एलिदेच्या गल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मी जेवतो तिथे जाता येईल," तो म्हणाला. "पण मी जेवतो ते तुम्हाला मिळणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, बाई. कुठे जा ते मला माहीत नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, परके म्हणून हा आपल्याला टाळतोय. नकाशाची घडी त्यांनी घाईघाईत चुकीचीच घातली. आतून मालकीणबाई बाहेर आल्या. "पाहुण्यांशी असं बोलतात, ओरेस्ते? एलिदेकडे पाठव ना. नेहमी पाठवतोस."

"तुम्ही पाठवा," तो म्हणाला.

तोवर जोडपं दारातून बाहेर पडलं होतं, क्षणभर पुलाशी थांबलं आणि डावीकडे वळलं. तिकडे मोठा रस्ता, फोटो लावलेली दारं, 'या, या' करणारी माणसं. ओरेस्तेला काचेतून सगळं दिसत होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारून पुढे काय सांगायचं, ते त्याच्याकडे नव्हतं.

मालकीणबाई आत गेल्यावर त्याने सकाळच्या न्याहारीतला उरलेला पाव काढला, त्यावर चीजचा तुकडा ठेवला आणि काउंटरमागे उभ्यानेच खाल्ला.