शनिवारची एकादशी

ओहायोतल्या डब्लिनला आम्ही राहायला आलो तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. पोट फुगलेलं, हातपायांच्या काड्या. आधीचे डॉक्टर म्हणायचे, नवीन जागा आहे, रुळेल. गावात पाच-सहा मराठी घरं होती, त्या घरांतल्या बायका म्हणायच्या, पोळीवर जरा तूप घाल. मी घालत होते. तुपाची पोळी दुधात कुस्करून, तिच्या मागे घरभर फिरून घास घास भरवत होते. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंना शंका आली. त्यांनी आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निदान झालं, सिलिअ‍ॅक. तिला गहू चालणार नाही. बार्ली, राय, ओट्स ही धान्यंही नाहीत. किती दिवस, विचारलं, तर म्हणाल्या, जन्मभर.

पोळीने दगा द्यावा, हे माझ्या डोक्यात शिरेचना. दूध नाही सोसत, अंडं नाही सोसत, हे ऐकलेलं होतं. पण पोळी?

ते दिवस असे होते की दुकानात असल्या खाण्याचा वेगळा कप्पा वगैरे काही नव्हता. तांदळाच्या गोल चकत्या मिळायच्या, त्या खाताना थर्माकोल चावतोय असं वाटायचं. कोलंबसच्या इंडियन स्टोअरमधून तांदळाची पिठी आणायची, भारतातून कोणी येणार असेल तर त्याच्या बॅगेत ज्वारीचं पीठ कोंबायला लावायचं. माझ्या भाकऱ्या अमेरिकेचे नकाशे होते, पण पोरगी खायची. घरातून कणीक गेली, रवा गेला, शेवया गेल्या. नवरा स्वतःच म्हणाला, ‘ती खात नाही ते या घरात कुणीच खायचं नाही.’ त्या वाक्यावर मी भाळले, खरं सांगते. लग्नात नव्हते भाळले इतकी भाळले.

तरी तिचं पोट दुखायचं थांबेना. एके दिवशी ओट्याशी उभी राहून मी घरातली एकेक डबी वाचून काढली, तर हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ. वरणभात तेवढा बिनघोर म्हणून मी तिला रोज देत होते आणि फोडणीतून गहू जात होता. मेल्या हिंगाचा मला अजून राग आहे.

घर सुधारलं, पण बाहेरचं काय? मराठी मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायची. पुऱ्या, श्रीखंड, समोसे, केक. बेसमेंटमध्ये सगळी पोरं ताटं घेऊन घोळक्याने बसायची आणि माझी पोरगी एका कडेला स्वतःचा डबा उघडून. त्यात कुणीतरी काका यायचे आणि म्हणायचे, ‘एवढीशी पुरी खाल्ली तर काय होतं गं?’ ती माझ्याकडे बघायची. मला त्या काकांचं डोकं कढईत घालावंसं वाटायचं.

दोन रस्ते सोडून माझी एक मैत्रीण राहायची. तिच्याशी माझं रोज फोनवर बोलणं. एकदा माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, ‘अगं, उपासाला आपण गहू खातो का? मग झालं तर. सगळ्यांनीच उपासाचं करायचं.’ आणि बाईने ते खरंच घडवून आणलं. घरोघर फोन केले. पंचांगात एकादशी मंगळवारी असो की गुरुवारी, आमच्या डब्लिनची एकादशी शनिवारी. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी. एरवी ऑफिसात हॅमबर्गर खाणारे पुरुष त्या दिवशी उपास सोडायला बसल्यासारखे मांडी घालून जेवायचे.

पहिल्या एकादशीला पोरीने विचारलं, ‘विच वन्स कॅन आय ईट?’ मी म्हटलं, ‘सगळं.’ तिला पटेना. मग तिने ताट उचललं आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पातेल्यातलं थोडं थोडं घेतलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले. महिन्यातली ती एक संध्याकाळ मला बाकीच्या सगळ्या महिन्याहून मोठी होती. ती संध्याकाळ आहे तोवर माझी मुलगी चारचौघांतली होती. त्या लोकांनी मध्यरात्री हाक मारली असती तर मी अनवाणी धावले असते.

पुढच्या हिवाळ्यात आमच्यात एक नवी मुलगी आली. नागपूरची, लग्न होऊन जेमतेम सहा महिने झालेले. मैत्रिणीच्या घरच्या एकादशीला माझ्या शेजारी उभी राहून रताळं किसत होती. गोड होती, मनात येईल ते बोलायची.

‘ताई, तुम्ही मागच्या शनिवारी इथे का नव्हत्या आल्या?’ ती म्हणाली. ‘मला वाटलं बरं नाही की काय. भाऊजी एवढ्या पुऱ्या लाटत होते, त्यांना विचारायचं राहूनच गेलं.’

मी म्हटलं, ‘कुठल्या पुऱ्या?’

ती हसतच म्हणाली, ‘अहो, एक शनिवार उपासाचा अन् एक शनिवार पुऱ्यांचा, असंच असतं ना इथे?’ आणि मग माझ्या तोंडाकडे बघून ती पुन्हा भराभर रताळं किसायला लागली.

मागच्या शनिवारी माझा नवरा ऑफिसात होता. त्याच्या आधीच्या महिन्यातही एका शनिवारी होता. प्रोजेक्टची घाई आहे म्हणाला होता. मी समोर पाहिलं. माझी मैत्रीण माझ्या पोरीला वाढत होती, ‘घे गं राणी, अजून घे,’ म्हणत होती. तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिथे मी ब्र काढला नाही. पोरीच्या ताटात खिचडी होती.

दुसऱ्या दिवशी नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता, तिथे जाऊन मी त्याला धरलं. त्याने नाकारलं नाही. फावडं बर्फात रोवलं आणि म्हणाला, ‘लोकांनी किती दिवस साबुदाणा खायचा? कुणाची पोरं कुरकुरायला लागली. त्यांनी आपली एकादशी बंद नाही ना केली? दुसरा शनिवार वेगळा काढला. आपल्या पोरीचं काय गेलं त्यात?’

‘आणि तू?’

‘मला पुरी खावीशी वाटली,’ तो म्हणाला. ‘बस्स. दीड वर्ष झालं. माणूस आहे मी.’

मी त्याला म्हटलं, तुला पुरी खायची होती तर हायवेवर गाडी थांबवून खायचीस, मी काय तुला फाशी देणार होते? पण माझ्या पाठीमागे, माझ्याच माणसांच्या घोळक्यात बसून, माझ्या मैत्रिणीच्या हातची? मी घरात भाकऱ्या थापत बसलेय आणि तुम्ही सगळे तिकडे माझी कीव करताय? तो म्हणाला, ‘कुणी कीव करत नाही.’ यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मैत्रिणीशी मी बोललेच नाही. तिचे फोन आले, मी उचलून ठेवून दिले. नवऱ्याचं एक वेळ समजू शकत होते, पुरुषाची जीभ ती. पण हिने माझ्याशी रोज तास तास बोलावं, आज काय केलंस, पोरीचं वजन वाढलं का, सगळं विचारावं, आणि फोन ठेवून शनिवारची कणीक मळावी! असा केसाने गळा कापलेला मला सहन होईना. पुढची एकादशी आमच्याकडे होती. मी ठरवलं, कॅन्सल. एकादशी नको, कोणी नको. आपण तिघं आणि आपला वरणभात.

फोन करायला मी स्वयंपाकघरात गेले, तर पोरगी टेबलाशी होमवर्क करत होती. पहिल्याच घरी मी म्हटलं, ‘या शनिवारी आमच्याकडचं कॅन्सल केलंय,’ आणि फोन ठेवला, तशी ती म्हणाली, ‘आई, प्लीज डोन्ट.’

मी म्हटलं, ‘तुला नाही कळायचं.’

‘मला माहितीये,’ ती म्हणाली. ‘द पुरी पार्टी.’

मी खुर्चीवर बसले. ‘कुणी सांगितलं तुला?’

‘कुणी नाही. आय सॉ. मावशीकडे खेळायला गेले होते ना, माझी हातातली मिटन राहिली म्हणून परत गेले. बाबा पुऱ्या लाटत होते.’ मावशी म्हणजे माझी ती मैत्रीण. ‘मावशी रडायला लागली. म्हणाली, आत्ता तुझ्या आईला फोन करते, सगळं सांगते. मी म्हटलं, डोन्ट टेल हर. मी बाबांना पण प्रॉमिस करायला लावलं.’

राग नवऱ्याचा आला होता, मैत्रिणीचा आला होता, पण त्या क्षणी त्या आठ वर्षांच्या पोरीचा जो आला तसा कुणाचा आला नव्हता. सगळ्या जगाने फसवावं, पण हिने? जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिने? मी जवळजवळ ओरडलेच, ‘का? का नाही सांगितलंस मला?’

तिने पेन्सिल खाली ठेवली. ‘बिकॉज देन यू वुडन्ट गो,’ ती म्हणाली. ‘आय डोन्ट केअर, आई. मी डबा घेऊन पण जाऊ शकते. मला आता सवय आहे. बट यू ओन्ली लाफ ऑन एकादशी.’

इतके महिने मी त्या एकादश्या तिच्यासाठी जपत होते. तिला त्यांची गरज नव्हती. ती माझ्यासाठी येत होती, ताट भरून घेत होती, आणि घरी येताना गाडीत मला सांगत होती, खूप मजा आली म्हणून.

पहिल्या घरी मी परत फोन लावला आणि म्हटलं, या शनिवारी, ठरल्याप्रमाणे.

सगळे आले. मैत्रीण रताळ्याचा कीस घेऊन दारात उभी राहिली, डोळे सुजलेले. मला तिला माफ करायचं नव्हतं, आजही पुरतं केलेलं नाही. मी पातेलं तिच्या हातातून घेतलं. जेवताना कुणीतरी एक साधासा विनोद केला, फार काही हसण्यासारखा नव्हता. पोरगी जिन्याच्या पायरीवर ताट घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती, म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने हसले.