पालथं पान

तुम्ही ज्याला पोकर म्हणता तो एक खेळ नव्हे. निदान तीन प्रकार तरी मी नगरच्या आमच्या घरात, चिंचोके लावून, खेळले आहे.

लढाईचे दिवस होते. तुमचे आजोबा भिंगारच्या छावणीत कारकून होते आणि तिथल्या गोऱ्या शिपायांकडून हे खेळ शिकून आले होते. त्या वर्षी आश्विनात आमची पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. सासूबाईंनी दिवाळीला कढई ठेवली नाही. फराळ शेजारून आला. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दुपारी चौघं पत्ते घेऊन बसलो.

आजोबांना पानं बदलायचा खेळ आवडे. पाच पानं मिळत, नकोशी टाकून तेवढीच नवी घेता येत. नवं पान उचलताना त्यांचा चेहरा दर वेळी उजळायचा. सासूबाईंना तीन पानांचा डाव पसंत होता. त्यात पानं न बघताही खेळता येई, आणि त्या कधी बघत नसत. म्हणायच्या, "बघून काय बदलणार आहे?" मामंजी, म्हणजे माझे सासरे, नेवाशाच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांना पटला तो तिसरा प्रकार. त्यात चार पानं सगळ्यांसमोर उघडी आणि एकच पालथं. डोळ्यांनी दिसेल त्यावरून हिशोब मांडता येतो, असं त्यांचं म्हणणं.

खोटा आव आणणं मात्र त्यांना जमत नसे. कोणी "काय आहे हो?" म्हटलं की ते सरळ सांगून टाकत. त्या घरात विचारलं की खरं उत्तर मिळायचं, आणि दुसऱ्यांचंही उत्तर खरंच धरलं जायचं.

त्या दिवाळीच्या आठवडाभर आधी त्यांनी मलाही विचारलं होतं. मुलींच्या शाळेतून इंग्रजी शिकवण्याबद्दल पत्र आलं होतं. "जायचंय का, सूनबाई?" मी म्हटलं, "नाही, तसं काही नाही." मुलगी जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मला घराबाहेर पडावंसं वाटत होतं, हे तोंडातून निघेना. त्यांनी नकाराचं पोस्टकार्ड लिहिलं. दिवाळीनंतर पेटीत टाकायचं म्हणून ते कोनाड्यात होतं.

त्या दुपारी माझ्यासमोर चार बदाम उघडे पडले. मामंजींकडे दोन राजे दिसत होते, पण माझं पाचवंही बदाम असतं तर राजांची जोडी हरली असती. मी माझे सगळे चिंचोके पुढे सरकवले. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांनी डाव सोडला. आणि हात पुढे करून माझं पालथं पान उलटलं. किलवरची दुरी. माझ्याकडे काहीच नव्हतं.

"अण्णा!" आजोबा ओरडले. "चिंचोके न लावता बघायचं नसतं!"

"तू गप्प बस," मामंजी म्हणाले. "सूनबाई, मला वाटलं पाचही बदाम आहेत. तुझ्या तोंडावर काहीच दिसलं नाही."

"मास्तर फसले," सासूबाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं होतं, बऱ्याच दिवसांनी.

मामंजी हसले नाहीत. "मी शाळेचं विचारलं, तेव्हाही तू अशीच बसली होतीस."

मी जिंकलेले चिंचोके गोळा करू लागले.

"आता खरं सांग. जायचंय?"

"हो, मामंजी."

ते उठले, कोनाड्यातलं कार्ड आणून त्यांनी फाडलं आणि तिथेच दौत मागवून दुसरं लिहिलं. लिहिलेलं मला वाचून दाखवलं, एखादा शब्द चुकला का विचारलं. मी एक वेलांटी सुधारली. सासूबाई पुन्हा पानं पिसायला लागल्या.

आनंद झाला का, असं तुम्ही विचाराल. नाही झाला. वाईटही वाटलं नाही. पुढच्या महिन्यात मी शाळेत जाऊ लागले. फळ्यावर लिहिताना कितीतरी दिवस तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे असं वाटे. अक्षर मात्र चांगलं येत होतं.