एक ओळ वाढवली, चाळीस गेल्या

माझी थोरली नात नेटवर्कच्या पेट्यांना दुरून हुकूम सोडते. पेटी दवाखान्यात, आणि ही आमच्या मागच्या खोलीत, पाय खुर्चीवर घेऊन. मी चौथी शिकलेली. पण तिच्या शेजारी भाजी निवडता निवडता मला एवढं कळलंय, की पेटीत एक यादी असते. यादीत ज्याची ओळ नाही, तो फोन मुका.

त्या दिवशी नव्या डॉक्टरीणबाईंचा एकच फोन जोडायचा होता. साहेब सकाळीच म्हणाले होते, "हे नीट झालं, तर यापुढे तुझं काम कुणी तपासायचं नाही." तीन वर्षं पोरगी या वाक्यासाठी झुरत होती. तिचं काम तपासतो कोण, तर तिच्यानंतर लागलेला एक जण. घरात आम्ही त्याला 'चष्मा' म्हणतो.

साहेबांनीच करून ठेवलेला नमुना तिनं उघडला, त्यात नव्या फोनची ओळ भरली आणि पाठवून दिली. पेटीनं 'झालं' असं उत्तर दिलं. दोन मिनिटांत हिचा मोबाइल वाजला. दवाखान्यातले बाकीचे चाळीस फोन बंद!

"अगं, एकच जोडायचा होता ना?"

"नमुन्यात 'रिप्लेस' होतं आजी. तेही ओळीवर नाही, आख्ख्या यादीवर. म्हणजे मी पाठवलं तेवढंच ठेव, बाकी पुसून टाक."

"मांडणीवर एक बरणी ठेव म्हटलं, तर शहाण्यानं आधीच्या सगळ्या फेकल्या?"

"हो! आणि वर म्हणतो, झालं!"

"विचारलं नाही मेल्यानं?"

"सांगितलं तेवढंच करतो तो."

"तुझ्या आजोबांपेक्षा बरा."

हसली नाही. कारण पेटीपर्यंत पोचायची तिची स्वतःची ओळही त्याच यादीत होती. आता घरून हुकूम जाईना. काही बदलण्याआधी जुन्या यादीची नक्कल ठेवायची तिला सवय, म्हणून निभावलं. पिशवीत केबल कोंबली, बसनं दवाखाना गाठला, पेटीसमोर जमिनीवर बसून यादी परत भरली. दुपारपर्यंत फोन बोलू लागले.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"सर, रिप्लेस तुम्हीच यादीवर लावलंय."

"मी दर वेळी आख्खी यादी भरून पाठवतो. तू एकच ओळ का भरलीस?"

"आख्खी भरा असं नमुन्यात कुठं लिहिलंय?"

"एवढं कळायला हवं. तपासणी राहू दे आहे तशी."

तिनं मोबाइल गादीवर आपटला. मग दात-ओठ खात बसली आणि नमुन्यातलं ते रिप्लेस यादीवरून उचलून एकेका ओळीवर आणलं, म्हणजे पुन्हा कुणाचं असं होऊ नये.

"पाठवलास साहेबांना?" मी विचारलं.

"थेट नाही पाठवता येत," ती म्हणाली. "आधी चष्म्याला. तो तपासणार."