बुधवारी घासलेले पाय

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, चर्चमधल्या मिस्सेत फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून. गुरूनं चाकराचं काम केलं, केवढी ही नम्रता, हे प्रवचन मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ऐकतेय. पण ते पाय फादरांच्या हाती जाण्याआधी, आदल्या दिवशी, घरोघरच्या मोरीत बायका ते घासून लख्ख करतात, हे कुठल्या प्रवचनात आलं? नखं काढायची, टाचेच्या भेगांतला मळ वजरीनं खरवडायचा, वरून खोबरेल चोळायचं. फादरांच्या हाताला घाण लागली तर नाव बाईचं जातं! म्हणजे नम्रता फादरांची आणि मळ आमचा. हे मी आईला सुनावलं की ती म्हणायची, "झालं का पत्रक वाचून? मग तांदूळ निवड."

पत्रक हा तिचा ठरलेला टोमणा. कॉलेज संपल्यावर मी शहरातल्या बायकांच्या संघटनेत जायला लागले होते. स्टोव्हच्या भडक्यात सुनाच कशा जळतात, सासवा का नाही, असं विचारणारी पत्रकं आम्ही रविवार कारंज्याच्या चौकात वाटायचो. राहायला नाशिकरोडला, चाळीत. अर्धी चाळ रेल्वेत, अर्धी छापखान्यात, आणि त्यात आमची कॅथलिकांची मोजकी घरं.

त्या वर्षी पवित्र गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी फादरांनी बारा जणांची नावं वाचली. त्यात आमच्या शेजारच्या काकांचं नाव आलं. काकी माझ्या शेजारीच सतरंजीवर बसली होती, डोक्यावर पदर, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. दोन दिवसांपूर्वी काकांनी तो मोडला होता. त्यांच्या आणि आमच्या खोलीत एका विटेची भिंत. मी ऐकलं होतं, आईनं ऐकलं होतं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना न सांगता कळलं होतं. तरी नाव वाचलं गेलं तेव्हा बायकांच्या बाजूला एकही बाई हलली नाही. हा येशूचा शिष्य? ह्याचे पाय धुणार फादर?

"मोरीत घसरली," काका सगळ्यांना सांगत होते. काकीही तेच सांगत होती.

बुधवारी दुपारी काकी आमच्या दारात आली. मला वाटलं, सुटली बाई एकदाची. मी चप्पल घालायला उठलेसुद्धा. तर ती आईला म्हणते, "ताई, माझा हात हा असा. तेवढे यांचे पाय घासून देता का?"

मला आधी खरंच वाटेना.

"काकी, ज्या माणसानं तुझा हात..."

"हळू बोल गं."

"चौकीवर चल माझ्याबरोबर. आत्ता."

"आणि तिथनं घरी कुनाबरोबर येऊ? तू ऱ्हाशील का रात्रंदिवस माझ्या खोलीत?" मग आईकडे वळून म्हणाली, "उद्या मळक्या पायांनी बसले तर चार लोकांत हसं व्हईल त्यांचं. मग घरी आल्यावर माझा दुसरा हात हायच की."

घरात रॉकेल संपलंय हे सांगावं तशा आवाजात सांगितलं तिनं.

आई उठली. "चल," म्हणाली. वजरी घेतली, बादली घेतली. रोज संध्याकाळी चाळीत जपमाळेची प्रार्थना सांगणारी माझी आई बायको मारणाऱ्याचे पाय घासायला निघाली!

पण ती काकांच्या मोरीत गेली नाही. चाळीच्या मधोमध सगळ्यांचा एकच नळ आहे, तिथं तिनं पाट टाकला आणि जपमाळेला येणाऱ्या आणखी तिघींना हाक मारली.

"भाऊजी, या. बसा."

"अहो वहिनी, इथं? तुम्ही कशाला..."

"बारा जणांतले तुम्ही. मान हाय तुमचा."

काका हसत बसले. नळावर पाणी भरायला आलेली समोरची बौद्ध मावशी हंडा कमरेवर घेऊन थांबली. "काय चाललंय, ताई?"

"पाय धुतोय. आमच्यात असतंय."

आईनं उजवी टाच धरली, दुसरीनं डावी. आई घासता घासता म्हणाली, "काय हो भाऊजी, पडली कशी ती?"

"मोरीत घसरली."

वजरी चालली. "कशी म्हणालात?"

"सांगितलं ना, मोरीत... ओ वहिनी! हळू!"

"भेग जुनी हाय. बसा जरा. मोरी ओली होती का?"

"होती की."

"रोजच ओली असते. मग रोज नाही पडत ती?" डावी टाच धरलेल्या बाईनं विचारलं. मावशीनं हंडा खाली ठेवला.

पेत्रानं येशूची ओळख तीनदा नाकारली होती. काकांनी किती वेळा, ते मी मोजलं नाही. कबूल मात्र एकदाही केलं नाही. टाचा गाजरासारख्या लाल झाल्यावर आईनं व्यवस्थित खोबरेल लावलं आणि पाट उचलला.

घरात आल्यावर मी भडकले. "मारणाऱ्याचे पाय धुतलेस तू!"

"येशूनं दगा देणाऱ्या यूदाचेही धुतले."

"त्यानं वजरी नव्हती लावली!"

त्यावर आई हसली. पण मला हसू आलं नाही, कारण भिंतीपलीकडे काकी त्याच माणसाला एका हातानं जेवण वाढत होती.

गुरुवारी संध्याकाळी बाराही जण वेदीपुढच्या बाकांवर बसले, प्रत्येकाचा एक पाय उघडा. फादर गुडघ्यावर सरकत सरकत काकांपाशी आले. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं आणि काकांनी चटका बसल्यासारखा पाय मागे ओढला. गाणारे नेमके दम घ्यायला थांबले होते. चर्च आमचं लहान. फादरांनी हळूच विचारलेलंही शेवटच्या सतरंजीपर्यंत आलं.

"काय लागलं हो?"

आणि काका सवयीनं बोलून गेले, "मोरीत घसरलो."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. पवित्र गुरुवारी, मिस्सेत! सगळ्यांत म्हाताऱ्या आजीनं पदर तोंडात कोंबला तरी तिचे खांदे हलत होते. मी आईकडे पाहिलं, तर ती डोळे मिटून ओठ आवळून बसलेली. आणि काकी? काकी हसत होती. प्लास्टरचा हात तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. फादर वर पाहत राहिले, आधी काकांकडे, मग त्या प्लास्टरकडे. नंतर त्यांनी तो पाय पुसला आणि पुढच्या माणसाकडे सरकले. एक शब्द बोलले नाहीत. याची चीड मला आजही आहे, आणि ती मी गिळणार नाही.

मिस्सेनंतर दारात काका उभे. चेहरा काळाठिक्कर. "चल घरी."

मला माहीत होतं घरी काय होणार. काकीलाही माहीत होतं. हसं झालं होतं, चार लोकांत. ती आईच्या बाजूला सरकली. नळावरच्या तिघी मागे येऊन उभ्या राहिल्या, कुणी बोलावलं नसताना.

"तुम्ही व्हा फुडं," काकी म्हणाली. "मी ताईंकडं ऱ्हाते."

"किती दिवस?"

"बघू."

काका सगळ्यांकडे बघत राहिले, मग लंगडत गेले.

त्या रात्री काकी आमच्याकडे झोपली. सकाळी चहा नको म्हणाली, गुड फ्रायडेचा उपास. मग मला म्हणते, "त्या चौकीवर येते मी. पण क्रुसाची वाट झाल्यावर."

मी कपाळाला हात लावला. तक्रारसुद्धा प्रार्थनेनंतर! उद्यावर टाकलं की बायका कशा माघार घेतात, हे मी पत्रकात लिहून थकले होते. ही माघार घेणार, मला खात्री होती. चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या चौदा ठिकाणी गुडघे टेकत, एका हातावर भार देत ती उठत होती, तेव्हाही मी तेच मनात म्हणत होते. शेवटच्या ठिकाणी तिनं छातीवर क्रूस केला, डाव्या हातानं, उलटासुलटा. आणि पदर सावरून म्हणाली, "चला."

चौकीवर आम्ही सात बायका, सहा उपाशी आणि एक बौद्ध मावशी. हवालदारानं प्लास्टर पाहिलं, पेन उघडलं आणि लिहायलाही लागला. "कशा पडलात बाई? मोरीत?"

"पडले नाय," काकी म्हणाली. "ते खोडा."